दोन किलोमीटरची बॅटरी

जालन्याच्या बाजारात इलेक्ट्रिकच्या दुकानांपुढे हल्ली बॅटऱ्यांचे ढीग लावलेले असतात. खोक्यावर वाघाचं नाहीतर गरुडाचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत पल्ला: पाचशे मीटर, एक किलोमीटर, दोन किलोमीटर. दुकानातला पोरगा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला समजावत होता, "मामा, दोन किलोमीटर फोकस जातो हिचा." मामांनी बॅटरी उलटीसुलटी करून पाहिली, खटका दोनदा दाबला आणि विचारलं, "अन् पायापाशी किती पडतो?" पोराला उत्तर देता आलं नाही. खोक्यावरही ते छापलेलं नव्हतं.

•

पल्ला मोजायची एक ठरलेली रीत आहे. अमेरिकेत 2009 साली हातबॅटऱ्यांसाठी एफएल-1 नावाचं मानक झालं आणि चांगल्या कंपन्या तेच पाळतात. झोताच्या मध्यावरचा उजेड उतरत उतरत 0.25 लक्सवर येतो, ते अंतर म्हणजे पल्ला. 0.25 लक्स म्हणजे निरभ्र पौर्णिमेचं चांदणं. म्हणजे खऱ्याखुऱ्या मापाची बॅटरी घेतली, तरी तिच्या पल्ल्याच्या टोकाला ती चांदण्याइतकाच उजेड टाकते. चांदण्यात दोनशे मीटरवर उभं जनावर रोही आहे की शेजाऱ्याची सुटलेली गाय, हे ज्याला ओळखता येतं त्यानेच तो आकडा खरा मानावा.

अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. म्हणून दुप्पट लांब टाकायचं तर झोताची तीव्रता चौपट लागते. ती कॅन्डेलात मोजतात. 100 मीटरला 2,500 कॅन्डेला लागतात, 200 ला 10,000 आणि 400 ला 40,000. दोन किलोमीटरला लागतात पुरे 10 लाख. तळहातात मावणाऱ्या बॅटरीतून 10 लाख कॅन्डेला निघत नाहीत. का निघत नाहीत, हे या टिपणांत तुकड्यातुकड्याने येईल.

•

शहरातल्या माणसाला बॅटरी ही लाईट गेल्यावर शोधायची वस्तू वाटते. इकडे अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफ्राबाद, कुठेही गेलात तरी ती शेतीच्या अवजारांत मोडते. कारण साधं आहे. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. गहू-हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं हे पिकावर नाही, त्या पाळीवर ठरतं. रात्री बाराला लाईट आली तर बाराला उठायचं. विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबायचा, फ्यूज गेला असला तर डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत चालत जायचं, परत येऊन दारं धरायची, म्हणजे पाणी एकेका वाफ्यात वळवायचं. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात बॅटरी. वाफा भरला की दारं मोडायला दोन्ही हात लागतात, तेव्हा बॅटरी काखेत नाहीतर थेट दातात. डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या गावोगाव खपल्या त्या यामुळे.

वीज आली की मोटर आपोआप चालू करणारे ऑटो आले, मोबाईलवरून मोटर चालू करणारे स्टार्टर आले. मोटर घरून चालू होते हे खरं. वाफ्यातलं पाणी पुढच्या वाफ्यात घालायला मात्र माणूसच लागतो आणि त्याला दिसावं लागतं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलं की पाळी रात्रीची आली तरी ती सोडून चालत नाही. ज्यांच्या वावरात सौरपंप बसला त्यांची रात्रीची फेरी सुटली. 2017 ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि 2023 पासूनचा तिचा दुसरा टप्पा, दोन्हींचा उद्देश दिवसा वीज देणं हाच आहे. तुमच्या फीडरपर्यंत ती पोचेस्तोवर उशाला बॅटरी राहणार.

•

आधी ऊर्जेचा जमाखर्च मांडू. हल्लीच्या बऱ्या बॅटरीत 18650 नावाचा लिथियम सेल असतो. 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. त्यात 10 वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते. चांगल्या सेलमध्ये 12-13, त्यापलीकडे नाही. एलईडी, तिचं सर्किट, काच, भिंग या सगळ्यांतून गळती जाऊन एका वॅटचे साधारण 100 लुमेन (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) हाती लागतात. म्हणजे 1,000 लुमेन एक तास, किंवा 100 लुमेन दहा तास, किंवा 50 लुमेन वीस तास. बेरीज बदलत नाही.

शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर एका वॅटमधून जास्तीत जास्त 683 लुमेन निघू शकतात, तेही फक्त एका विशिष्ट हिरव्या रंगाचे. पांढऱ्या उजेडाला ही मर्यादा तीनशेच्या आसपास येते. म्हणजे यापुढे एलईडी कितीही सुधारली, तरी आजच्या चांगल्या बॅटरीच्या तिपटीपलीकडे जायला जागा नाही. आणि बाजारात तर आजच एक लाख लुमेन छापलेली बॅटरी मिळते! एक लाख लुमेनला एक हजार वॅट लागतील. मोटारीच्या साध्या हॅलोजन दिव्याचा खालचा झोत 1,000 लुमेनच्या आसपास असतो. अशा शंभर दिव्यांचा उजेड खिशातल्या नळीतून काढल्याचा दावा आपण दीड-दोनशे रुपयांत विकत घेतो.

•

पेन्सिल सेलचं दुखणं वेगळं आहे. त्यात ऊर्जा बरी असते, अल्कलाइन सेलमध्ये हळूहळू वापरला तर तीन-साडेतीन वॅट-तास. पण ती भराभर बाहेर येत नाही. विहिरीला पाणी भरपूर आणि पाइप अर्ध्या इंचाचा, अशी गत. सेलच्या आतच रोध असतो, नव्या अल्कलाइन पेन्सिल सेलला ओहमच्या पाचव्या भागाइतका. आता शाळेतलं गणित करायचं. बाहेरचा भार आतल्या रोधाइतका असतो तेव्हा सेलमधून सर्वांत जास्त शक्ती निघते. दीड व्होल्टचा वर्ग सव्वादोन, भागिले चार गुणिले 0.2. उत्तर 2.8 वॅट. तेवढीच उष्णता त्या वेळी सेलच्या पोटातही तयार होत असते, म्हणजे अर्धी ऊर्जा सेल गरम करण्यात गेली. एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास लागतात. दीड व्होल्टचे तीन करणाऱ्या सर्किटची गळती वजा केली, तर एका अल्कलाइन सेलवर दोनशे-सव्वादोनशे लुमेन ही वरची रेघ झाली. तीही काही क्षणांपुरती, आणि तेवढा ताण आला की सेलची निम्मी कमाई वाया जाते.

चार्जिंगचे निकेल-हायड्राइड सेल दिसायला कमी व्होल्टचे, 1.2 चे. पण त्यांचा आतला रोध कितीतरी कमी असतो, म्हणून जोराच्या कामाला तेच टिकतात. दुकानदार "याच्यात पॉवर कमी" म्हणतो ते व्होल्ट पाहून.

•

साधे, काळ्या मसाल्याचे झिंक-कार्बन सेल उतरले की उन्हात ठेवायची रीत होती. रेडिओचेही आणि बॅटरीचेही. संध्याकाळी थोडा वेळ उजेड पुन्हा यायचा. ऊन सेल भरत नाही. विसावा मिळाला की सेलमधल्या रसायनांची कोंडी सुटते आणि ऊब मिळाली की आतला रोध उतरतो. उरलेलं थोडं बाहेर येतं एवढंच. पण दोन सेलची किंमत ज्या घरात मोजून खर्च व्हायची, तिथे तेवढं थोडंही मोलाचं होतं.

•

पितळी जीवनसाथी बॅटरी ज्यांच्या घरी होती त्यांना आठवेल, दोन सेलच्या बॅटरीतला बल्ब जेमतेम सव्वा वॅटचा असायचा. उजेड 10-15 लुमेन. आजच्या हिशेबात काहीच नाही. तरी तिच्यावर आंब्याच्या शेंड्यातलं घुबड दिसायचं, कारण एवढासा उजेड एवढ्याशा तारेतून यायचा आणि मागची वाटी मोठी होती. उजेड किती, हा एक प्रश्न. तो किती लहान ठिपक्यातून निघतो, हा दुसरा. लांबचं दिसायला दुसरा प्रश्न महत्त्वाचा. लुमेनच्या जाहिरातीत तो कधीच नसतो.

•

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या सळईच्या कारखान्यांच्या भट्ट्या ज्यांनी जवळून पाहिल्या त्यांना वितळलेल्या पोलादाकडे उघड्या डोळ्यांनी बघवत नाही हे ठाऊक आहे. ते पोलाद 1,600 अंश सेल्सियसच्या थोडं वर असतं. जुन्या बॅटरीतल्या बल्बची तार त्याहून पुष्कळ तापलेली असायची, 2,300-2,500 अंशांपर्यंत. भट्टीत जे पोलाद रस होतं, त्याच्यापेक्षा सातशे-आठशे अंशांनी जास्त तापलेला धातू आपण खिशात घालून फिरत होतो. केसाएवढी तार, म्हणून चटका बसत नव्हता.

त्या तारेची मर्यादा तापमानाची होती. टंगस्टन 3,422 अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच अलीकडे ते उडून उडून झिजायला लागतं. तार जास्त तापवली की उजेड भराभर वाढतो आणि आयुष्य त्याहून भराभर घटतं. दोन सेलच्या बल्बला तीन सेल लावले की तो सुंदर पांढरा व्हायचा आणि त्याच आठवड्यात जायचा.

आणखी एक गोष्ट या भट्टीच्या शेजारची. 1948 पासून 1979 पर्यंत जगाचं उजेडाचं माप वितळलेल्या धातूवरच ठरवलेलं होतं. प्लॅटिनम ज्या तापमानाला गोठतं, सुमारे 1,770 अंश, त्या तापमानाच्या काळ्या पदार्थाचा एक चौरस सेंटिमीटर म्हणजे 60 कॅन्डेला. प्रत्येक चौरस मिलिमीटरला 0.6 पडले. बॅटरीतली आजची एलईडी चौरस मिलिमीटरला 50, 100 आणि नव्या चपट्या एलईडी 200 कॅन्डेलाच्या आसपास जातात. त्या मापाच्या धातूपेक्षा शेकडो पट तेजस्वी, आणि स्वतः दीडशे अंशांच्याही आत. 1993 मध्ये शूजी नाकामुरांनी जोरदार निळी एलईडी बनवली आणि तिच्यावर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड मिळायला लागला, हे सगळं त्यातूनच आलं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्याबद्दल 2014 चं नोबेल मिळालं.

•

भिंग किंवा वाटी उजेड गोळा करतात, वाढवत नाहीत. झोतासमोर उभं राहून (न राहिलेलं बरं) भिंगाकडे पाहिलं तर अख्खं भिंग पेटलेलं दिसतं. त्या भिंगाचा कोणताही भाग मागच्या एलईडीपेक्षा जास्त तेजस्वी दिसू शकत नाही. हा निसर्गाचा नियम आहे, कारागिरीने तो ओलांडता येत नाही. म्हणून झोताची कमाल तीव्रता काढायला दोनच आकडे लागतात, एलईडीची तेजस्विता आणि भिंगाचं तोंड किती मोठं.

पंचवीस मिलिमीटरचं भिंग असलेली झूमची बॅटरी घ्या, जी आपल्याकडे सर्वांत जास्त खपते. भिंगाचं क्षेत्रफळ 490 चौरस मिलिमीटर. साधी एलईडी चौरस मिलिमीटरला 50-60 ची धरली तर 25-30 हजार कॅन्डेला. पल्ला निघाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. हे सेल नवा, भिंग पुसलेलं आणि झूम पुरता ओढलेला असताना. दोन किलोमीटरच्या 10 लाख कॅन्डेलासाठी 200 वाली उत्तम एलईडी लावली आणि गळती शून्य मानली, तरी भिंग आठ सेंटिमीटर व्यासाचं लागेल. तशा बॅटऱ्या बनतात. त्या खिशात जात नाहीत आणि दीडशे रुपयांतही येत नाहीत.

झूम ओढल्यावर समोर चौकोनी ठिपका पडतो, तो म्हणजे त्या एलईडीचीच मोठी झालेली प्रतिमा. ठिपक्याबाहेर ठार अंधार. त्यात चालणं म्हणजे एका वेळी एकच ढेकूळ बघत जाणं.

•

आता उष्णता. माझ्या मते लहान बॅटरीची खरी मर्यादा हीच आहे, सेलची नंतर येते.

12 सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर जाड अशी नळी घ्या. तिचा पृष्ठभाग शंभर चौरस सेंटिमीटरच्या थोडा वर. स्थिर हवेत असा पृष्ठभाग दर अंशाच्या फरकाला साधारण 0.1 वॅट उष्णता बाहेर टाकतो. हातात धरवेल असं वरचं तापमान 50 अंश धरू. हवा 25 अंश असेल तर अडीच वॅट उष्णता जाईल. एलईडीला दिलेल्या विजेचा तिसरा हिस्सा उजेड होतो, बाकीची उष्णता. म्हणजे अडीच वॅट उष्णता टाकायची मुभा असेल तर एकूण पावणेचार वॅट जाळता येतील. उजेड 400 लुमेनच्या आतबाहेर. यापुढचं सगळं उसनं.

मे महिन्यात जालन्याला रात्री नऊ वाजताही हवा 35 अंश असते. मग फरक 15 अंशांचाच राहिला. त्याच बॅटरीची कायमची मर्यादा सव्वादोनशे लुमेनवर येते. डिसेंबरात, हरभऱ्यात गार वारा सुटलेला असताना, तीच बॅटरी दुप्पट उजेड बिनतक्रार देईल. खोक्यावर एकच आकडा असतो, आणि तो ना इथल्या मे महिन्याचा असतो ना डिसेंबरचा.

मग हजार-दोन हजार लुमेनची खरी बॅटरी नसतेच का? असते, पण मिनिटाच्या हिशेबात. शंभर ग्रॅम ॲल्युमिनियम एका अंशाने तापायला 90 ज्यूल लागतात. टर्बोवर, म्हणजे सर्वांत जोराच्या बटणावर, 20 वॅट उष्णता तयार होत असेल तर 25 अंश चढायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्यानंतर सर्किट मुकाट्याने उजेड खाली आणतं. चांगल्या कंपन्यांच्या बॅटरीत ही सोय केलेली असते. स्वस्त बॅटरीत कोणी उजेड खाली आणत नाही. तिथे एलईडीच निळसर होत, मंद होत स्वतः मरते. प्लास्टिकच्या बॅटऱ्यांत हे लवकर होतं, कारण प्लास्टिक आतली उष्णता बाहेर येऊच देत नाही. हाताला गार लागते म्हणून लोकांना ती चांगली वाटते.

•

एफएल-1 मानकातलीच एक पळवाट. 'चालण्याचा वेळ' मोजायला सुरू केल्यानंतरच्या तिसाव्या सेकंदापासून उजेड दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ धरतात. म्हणजे 1,000 लुमेन आणि पाच तास असं लिहिलेलं असेल तर त्यात दोन मिनिटं हजार आणि उरलेला सगळा वेळ दीडशे-दोनशेसुद्धा असू शकतात. खोटं काही नाही. आलेख मागा, चांगली कंपनी देते.

•

डोळ्यालाही सीमा आहे. एखाद्या जागेवरचा उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटायला तो प्रत्यक्षात आठपट वाढावा लागतो, असं स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाच्या मोजमापांतून दिसतं. 100 वरून 800 लुमेनवर गेलात तर डोळा म्हणतो, "दुप्पट झालं." सेल मात्र आठपट वेगाने उतरतो. शिवाय अंधाराला डोळा सरावायला वीस-तीस मिनिटं जातात, आणि झगझगीत पांढऱ्या झोताने ती कमाई एका क्षणात जाते. बॅटरी बंद केल्यावर आधी दिसत होता तो बांधही दिसेनासा होतो. मग माणूस पुन्हा बॅटरी लावतो आणि घरी येईपर्यंत बंद करत नाही.

म्हाताऱ्या माणसांची बाजूही घेतली पाहिजे. वयाबरोबर बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळट होतं. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या पोराच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. आजोबा "मोठी बॅटरी आण" म्हणतात आणि नातू हसतो, तेव्हा आजोबांचं बरोबर असतं.

•

धुकं, भुरभुर पाऊस, सोयाबीन मळणीचा धुराळा: यांत उजेड जितका वाढवाल तितकी समोर पांढरी भिंत उभी राहते. डोक्याला बांधलेल्या बॅटरीने सर्वांत जास्त, कारण झोत आणि नजर एकाच रेषेत येतात. बॅटरी कमरेच्या उंचीवर धरली की धुराळा कमी दिसतो. आणखी एक होतं. दगड, काटक्या, बिळाचं तोंड यांच्या सावल्या लांब पडतात आणि उंचसखल कळतं. डोक्यावरून टाकलेल्या उजेडात सावली वस्तूच्या मागे लपते आणि सगळं सपाट दिसतं.

ऊसतोडीच्या टोळ्या पहाटे अंधारात ट्रॅक्टर भरतात तेव्हा सगळ्यांच्या डोक्याला बॅटरी असते, त्यांना इलाज नाही. दोन्ही हातांत मोळी असते. मुकादम उचल मोजून देतो, बॅटरी मजुराने आपल्या पैशाने घ्यायची.

•

2003 साली नोकिया 1100 आला. काळा-पांढरा पडदा, रबरी बटणं आणि डोक्यावर एक बारकी एलईडी. जगभरात तो 25 कोटींच्या घरात खपला. आपल्या गावांत तो 'बॅटरीवाला मोबाईल' होता. त्या एलईडीचा उजेड कोणी कधी लुमेनमध्ये विचारला नाही. ती कायम खिशात होती, हा तिचा मोठा गुण. आजच्या फोनची बॅटरी 40-50 लुमेनची असते आणि उजेड पसरट पडतो. चार पावलांपुढचं दाखवायला ती पुरते. फक्त फोन चिखलात पडला तर दुसऱ्या दिवशी बँकेचं, पीकविम्याचं, सगळंच अडतं.

•

लांबचं जनावर ओळखायला उजेडापेक्षा त्याचे डोळे जास्त उपयोगी. कुत्रा, कोल्हा, रानमांजर, बिबट्या, रोही यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे आरशासारखा पडदा असतो. झोत आला तसाच परततो. शे-दीडशे मीटरवर अंग अजिबात दिसत नसलं तरी डोळे चमकतात. त्यासाठी बॅटरी आपल्या डोळ्यांच्या जवळ धरावी लागते, कारण परतलेला उजेड बॅटरीकडेच येतो. आत्ताच कमरेपाशी धरा म्हटलं, आता डोळ्यांपाशी. काम बदललं की जागा बदलते.

सापाच्या डोळ्यात तो पडदा नसतो. घोणस, नाग, मण्यार, फुरसं, कोणीच बॅटरीला डोळे चमकवून जागा सांगत नाही. घोणस तर वाळक्या पाचोळ्याच्या रंगाची. थंड निळसर उजेडात पाचोळा आणि घोणस दोन्ही राखाडी दिसतात. पिवळसर, रंग नीट दाखवणाऱ्या एलईडीत तिच्या पाठीवरचे तांबूस ठिपके उठून येतात. अशा एलईडीचे लुमेन थोडे कमी भरतात. त्यामुळे दुकानदार त्या ठेवत नाहीत आणि आपण मागत नाही. माझं मत विचाराल तर शेतातल्या माणसाने 300 निळसर लुमेनपेक्षा 100 पिवळसर लुमेन घ्यावेत.

•

एक बॅटरी अशी आहे की जिला लुमेन जवळजवळ नाहीतच आणि तरी ती या जिल्ह्यात कामाची आहे. नोटा तपासायची जांभळी बॅटरी. तिच्या अतिनील उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. कवचातल्या द्रव्यांमुळे होतं ते. नुकती कात टाकलेला चमकत नाही, बाकी सगळे चमकतात. गोठ्यातल्या दगडांच्या फटी, सरपणाचा ढीग, बुटाचा आतला भाग यांवरून ती एकदा फिरवली की जे हजार लुमेनच्या झोतात मातीच्या रंगात मिसळून जातं ते एकटंच पेटतं. डोळ्यांवर मात्र मारू नये, कोणाच्याच.

विंचवाचा विषय निघाला की डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव घ्यावंच लागतं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. शिकून कोकणात महाडकडे गेले. तिथे लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरत होती. त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाब उतरवणारं औषध वापरून चाळीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एखाद्या टक्क्यावर आणलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

•

सेलवर 9,900 एमएएच छापलेलं असेल तर तो हातातूनच परत करा. 18650 आकाराच्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास जागा संपते. चांगल्या सेलचं वजन 45 ग्रॅमच्या पुढेमागे भरतं. नकली सेल हलका लागतो, कारण आत लहान सेल असतो आणि उरलेल्या जागेत भरताड. शंका आली तर सराफाच्या काट्यावर ठेवून पाहा, हसले तर हसू द्या.

आणि ज्या चार्जिंगच्या मोठ्या बॅटऱ्या असतात, ज्यात 4 व्होल्टचा शिशाचा सेल असतो, त्या उतरलेल्या अवस्थेत पडू देऊ नका. शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो आणि सेल कायमचा जातो. भारनियमनाच्या वर्षांत घरोघर घेतलेले इमर्जन्सी दिवे एका पावसाळ्यात माळ्यावर गेले, ते याच कारणाने. वापरल्या रात्रीच्या सकाळी चार्जिंगला लावायच्या, मग वापर दहा मिनिटांचा असो.

•

कामापुरते आकडे, माझ्या वहीतले. पायवाटेला 30 ते 50 लुमेन. दारं धरायला 100, पसरट. डीपीजवळ फ्यूज बघायला तेवढेच, पण डोक्यावर. बांधापलीकडे काय हललं ते बघायला क्षणभर 400-500, आणि मग बटण खाली. रात्रीची पाळी आठ तासांची असेल तर 100 लुमेनने ती एका चांगल्या सेलवर निघते. हजार लुमेन लावून बसलात तर तासाभरात अंधार, आणि मोटर अजून चालूच.

बॅटरी घ्यायला गेलात तर पल्ला विचारू नका. सेल कोणता आहे आणि तो बाहेर काढून बदलता येतो का, मधल्या बटणावर किती तास जाते, अंग ॲल्युमिनियमचं आहे की प्लास्टिकचं, एवढं विचारा. सेल बदलता येत नसेल तर घेऊ नका. एक भरलेला सेल कायम खिशात ठेवा, किल्ल्या आणि नाण्यांपासून वेगळा, प्लास्टिकच्या डबीत. आणि बॅटरीवर वाचलेल्या पैशांत घोट्याच्या वर येणारे गमबूट घ्या. घोणस बहुतेक वेळा पायाला, घोट्यापर्यंतच चावते.